बोटं पूर्वेकडे

नाशिकच्या स्टँडवर सिल्वासाची गाडी लागली तेव्हा माझ्या पिशवीत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी होत्या, ठेचा होता आणि परलोकावरच्या पुस्तिकांचा एक गठ्ठा होता. भाकरी रूथ मावशीने दिल्या होत्या, पुस्तिका वडिलांनी.

रूथ मावशी धुळ्यात आमच्या शेजारी राहते. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त आहे. ती ख्रिस्ती, आमच्या घरात देव्हाराच नाही. वडिलांचा छोटा छापखाना आहे. मी अक्षरं शिकले ती तिथे छापलेल्या पुस्तिकांवरून: बुवाबाजी, भानामती, नवस, पुनर्जन्म. परलोकावरच्या पुस्तिकेतलं वडिलांचं एक वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे: मेल्यानंतरचं आश्वासन म्हणजे जिवंतपणीच्या लुटीवरचं झाकण. मावशी ते वाचून म्हणायची, "भाऊ, झाकण तरी आहे. तुमच्याकडे नुसतं भांडं." आणि दोघं हसायची.

या वेळी मात्र ती हसत नव्हती. तिचा थोरला भाऊ याकोब सिल्वासाजवळ राखोलीला एकटा राहतो. मसाटच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर त्याचा उजवा हात मनगटाच्या वर तुटला, त्याला काही वर्षं झाली. आता हृदय कमजोर झालंय, चार पावलं चाललं की दम लागतो. मावशीने त्याच्यासाठी धुळ्यात खोली तयार केली, डॉक्टर ठरवला. तो येत नाही. कारण विचारलं तर फोनवर एकच सांगतो: माझा हात इथे पुरलाय.

"तिथल्या पास्टरने काहीतरी डोक्यात भरवलंय त्याच्या," मावशी म्हणाली. "क्रांती, तू बोलण्यात कुणाला हार जात नाहीस. त्याला घेऊन ये. नाहीतर तो त्या हाताशेजारी बसून मरेल."

मला एवढंच हवं होतं. कामगाराला त्याच्याच हाताच्या थडग्यावर राखणीला बसवणारा धर्म! पुस्तिकेचं पहिलं पान गाडी पेठला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात लिहून झालं होतं.

पेठच्या पुढे घाट सुरू होतो. सागाची पानं वाळली होती, उतारावर नागलीची (नाचणीची) रिकामी शेतं दिसत होती. कपराडा मागे पडलं आणि पाट्या गुजराती झाल्या. मग एका ठिकाणी, काहीच बदललेलं नसताना, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अचानक दारूची दुकानं सुरू झाली. कंडक्टर म्हणाला, "आलं सेलवास." (सिल्वासाला इथे सगळे सेलवासच म्हणतात.) गुजरातेत दारूबंदी, इथे नाही, त्यामुळे या केंद्रशासित प्रदेशाची हद्द ओळखायला दगड लागत नाही.

राखोलीला जाणारा रिक्षावाला जळगावकडचा निघाला. पुस्तिकांचा गठ्ठा पाहून म्हणाला, "ताई, कंपनीत जॉइन व्हायला आल्या का?"

"नाही. चर्चच्या माणसाला भेटायला."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मग संभाळून बोला. इकडे कोण कोणाचा माणूस, खबर नथी पडती." (कळत नाही.) हे त्याने मराठी, हिंदी, गुजराती अशा तिन्ही भाषांत मिळून सांगितलं. त्याला मी कोणाची माणूस वाटले, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

याकोबदादाची खोली कामगारांच्या चाळीत, एका टोकाला होती. दार उघडंच होतं. पांढरे झालेले दाट केस, मोठे खांदे आणि उजव्या बाहीला गाठ. डाव्या हाताने तो स्टोव्हवर पातेलं ठेवत होता.

"रूथनी धाडी ना तुले?" (रूथने पाठवलं ना तुला?) तो म्हणाला. "बैस. चहा लेस का?"

मी चहा घेतला, भाकरी काढल्या. त्याने एक भाकरी मांडीवर ठेवून तिच्यावर ठेचा पसरला आणि डोळे मिटून पहिला घास खाल्ला. मी सरळ मुद्द्यावर आले. मावशीकडे खोली आहे, डॉक्टर आहे, मी तुम्हाला न्यायला आले आहे.

"मना हात आठे शे," तो म्हणाला. माझा हात इथे आहे.

"दादा, हात माती झाला असेल."

"मग? मी पण होणारच आहे. एका जागी होऊ दे."

"हे तुम्हाला पास्टरने सांगितलं का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "तुझ्या बापाची पोरगी खरी. घास गिळायच्या आधी आरोपी पाहिजे."

रात्री मी सिल्वासात एका लॉजवर उतरले. खालच्या खानावळीत माझ्या टेबलावर पुण्याचा एक इंजिनिअर बसला होता. मसाटच्या कुठल्याशा युनिटमध्ये मॅनेजर. मराठी ऐकून खुलला. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर त्याने पापड मोडला आणि म्हणाला, "या लोकांना समजावणं कठीण हो. शरीर म्हणजे शेवटी कपडाच. एक बाही फाटली म्हणून कोणी कपाट राखत बसतं का? आत्म्याला कुठे काय झालंय?"

वाक्य छान होतं. मला प्रश्न एवढाच पडला, की प्रेस मशीनसमोर उभं राहणाऱ्याने ते म्हटलं असतं, तर इतक्या आरामात म्हटलं असतं का? मी विचारलं, "तुमच्या प्रेसवर गार्ड आहेत?" (हात आत गेला तर मशीन थांबवणारी जाळी.) तो म्हणाला, "ऑडिटच्या वेळी असतात," आणि आपल्याच विनोदावर हसला. मी हसले नाही. त्याने दही मागवलं आणि विषय क्रिकेटकडे नेला.

सकाळी याकोबदादा मला दफनभूमीत घेऊन गेला. दमणगंगेच्या बाजूला उतरत जाणारी जमीन, पाच-सहा आंब्याची झाडं, काही सिमेंटच्या कबरी, बऱ्याच नुसत्या मातीच्या. रस्ता थोडाच होता, पण वाटेत तो दर काही अंतरावर थांबून श्वास घेत होता आणि प्रत्येक वेळी मला काहीतरी दाखवत होता, म्हणजे थांबण्याचं कारण दुसरं आहे असं वाटावं: ते बघ पंप हाऊस, तो बघ बगळा.

कुंपणाजवळ हातभर लांबीचा मातीचा उंचवटा होता. कडेने विटा लावलेल्या. नाव नाही. लहान मुलाची कबर असावी असंच कुणालाही वाटलं असतं.

"पुरायला आलो त्या दिवशी मोठी पंचाईत झाली," तो आंब्याच्या मुळावर टेकत म्हणाला. "माझी पट्टी ताजी. खोलीतली पोरं बरोबर, सगळी वेगवेगळ्या धर्माची. आमच्यात मेलेल्याचे पाय पूर्वेकडे ठेवतात. उठेल तेव्हा तोंड उजेडाकडे पाहिजे. पण हाताला पाय कुठले? एक म्हणे मनगट पूर्वेला, एक म्हणे बोटं. त्यांच्यातला यूपीचा पोरगा म्हणाला, चाचा, हात उठेल तर आधी बोटं हलवेल ना? मग बोटं पूर्वेकडे."

तो हसला, आणि हसताना खोकला आला. मी पाणी दिलं. मला हसू आवरत नव्हतं आणि रागही आवरत नव्हता.

"दादा, कंपनीने काय केलं?"

"कंपनी म्हणाली, हा आमचा माणूस नाही, कंत्राटदाराचा आहे. कंत्राटदार म्हणाला, अपघात इथे झालाच नाही, हा खोलीवर पडला. मग कंपनीची पाटी बदलली. मग मशीन विकलं. आता तिथे जा, प्लास्टिकच्या खुर्च्या बनतात."

इथे माझा संशय पक्का झाला. माणसाला न्याय मिळाला नाही, तर त्याच्या हातात परलोक ठेवून दिला. म्हणजे, उरलेल्या हातात. आता मला तो पास्टर हवा होता.

पास्टरचं नाव सायमन. त्याचं प्रार्थनाघर राखोलीतच, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तो नव्हता, दुधनीला एका घरी प्रार्थनेला गेला होता. त्याच्या बायकोने मला आत बसवून पाणी दिलं. वर तीन पंखे होते आणि प्रत्येकाच्या पात्यांवर एका कारखान्याचं नाव रंगवलेलं होतं. मी ते टिपून घेतलं. मग जीप पकडून दुधनी गाठली.

दुधनीला मधुबन धरणाचं पाणी येऊन थांबतं. डोंगरांच्या मधून आत आत शिरलेलं, हिरवट, शांत पाणी. काठावर होड्या, वाळत घातलेली जाळी, मुंबईचे दोन-चार पर्यटक. पास्टर सायमन एका कुडाच्या घराच्या ओट्यावर जेवायला बसला होता. चाळिशीचा, बुटका, जाड भिंगाचा चष्मा. मूळचा नवापूरकडचा. मी नाव सांगितलं तसा त्याचा घास थांबला.

"पत्रकार?"

"लेखिका."

"तक्रार द्यायला आलात? आम्ही कोणाला पैसे देऊन धर्म बदलायला लावतो वगैरे?"

"मी याकोबदादाला घरी न्यायला आले आहे. आणि तुम्ही त्याला का जाऊ देत नाही ते विचारायला."

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "आधी जेवा. उपाशी माणूस फार लवकर खरं बोलतो, मला भीती वाटते."

घरच्या बाईने नागलीची भाकरी आणि धरणातल्या माशाचं कालवण वाढलं. तिखट, पातळ, चिंच घातलेलं. मी दोन घास खाल्ले आणि सुरुवात केली. मेल्यावर स्वर्ग, तिथे सगळं भरून मिळेल, म्हणून इथे गप्प बसा. हे तुम्ही शिकवता की नाही?

"आजकाल पुष्कळ लोक शिकवतात," तो म्हणाला. "मीही कधी कधी घाईत असलो की तसंच बोलतो. पण पहिले जे होते ना, सुरुवातीचे, ते असं म्हणत नव्हते. त्यांचं म्हणणं याहून विचित्र होतं."

मग त्याने जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत लिहिते. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या आजूबाजूचे शिकलेले ग्रीक लोक मानत, की शरीर हा तुरुंग आहे आणि मरण म्हणजे आत्म्याची सुटका. ख्रिस्ती लोक म्हणत, नाही. मरण ही सुटका नाही, मरण शत्रू आहे. मेलेला माणूस निजलेला आहे, वाट बघतो आहे. वाट कुठे बघतो, कशी बघतो, यावर त्यांच्यात एकमत नव्हतं. पण शेवटी उठेल ते हेच शरीर, यावर ते अडून बसत. म्हणून ते प्रेत जाळत नसत, कबरीशी जाऊन जेवत, आणि जे छळात मारले गेले त्यांच्या मरणाच्या दिवसाला जन्मदिवस म्हणत. ग्रीक त्यांना हसत. विचारत, समजा माणूस बुडाला, त्याला माशांनी खाल्लं, आणि ते मासे दुसऱ्या माणसाने खाल्ले. मग उठणारं शरीर कोणाचं?

मी हातातल्या घासाकडे पाहिलं. समोर ते पाणी होतं. त्याच्या तळाशी धरणात गेलेली गावं आहेत, हे मला सकाळीच कळलं होतं. गावांबरोबर त्यांची मसणवटही गेलीच असणार.

"खा, खा," वाढणारी बाई म्हणाली. "आमचे जुने लोक गोड होते."

पास्टर इतका हसला की त्याला ठसका लागला. मी घास खाल्ला.

"बरं," मी म्हटलं, "पण शरीरच कशाला उठायला हवं? आत्म्यावर भागलं नसतं?"

"कारण न्याय व्हायचा आहे. ते म्हणत, काम शरीराने केलं, मार शरीराने खाल्ला. मग निकालाच्या दिवशी शरीर गैरहजर कसं चालेल? ज्याच्यावर गुदरलं तोच साक्षीला नको का?"

हे मात्र मला कुठल्याही पुस्तिकेत भेटलं नव्हतं. कपड्याची बाही म्हणणारा तो मॅनेजर मला आठवला. पण मला लगेच आवडलेल्या गोष्टीचा मी आधी संशय घेते; वडिलांची शिकवण आहे.

"निकालाचा दिवस फार सोयीचा आहे तुमचा," मी म्हटलं. "तो कधीच येत नाही. तोवर कारखानदार पंखे देतो."

त्याने पाण्याचा पेला उचलला. मग म्हणाला, "पंखे त्यांचे, वारा आमचा."

"बोलायला छान आहे. याकोबदादाच्या कंपनीचं नाव तुम्ही प्रार्थनेत कधी घेतलंत?"

"नाही."

"का?"

"अर्धी मंडळी मसाटमध्ये कामाला आहे, ताई." त्याने ताटातला काटा बाजूला काढला. "पण एक ऐका. मी त्याला कधीच अडवलं नाही. त्या सुरुवातीच्या काळात एका गावात छळ करणाऱ्यांनी ख्रिस्ती लोकांना मारून, जाळून, राख नदीत टाकली होती, मुद्दाम, हे उठू नयेत म्हणून. तेव्हाही मागे राहिलेल्यांनी आशा सोडली नाही. ज्याने मातीतून घडवलं तो नदीतूनही गोळा करेल. हे सगळं मी याकोबला सांगितलंय. हात इथे, माणूस धुळ्याला, देवाला काय अडचण? तो ऐकत नाही. का ऐकत नाही ते मला सांगत नाही. तुम्हाला सांगितलं तर मलाही कळवा."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. परतीच्या जीपमध्ये तो माझ्या शेजारीच बसला होता. राखोलीपर्यंत आम्ही एकमेकांकडे न बघता आलो.

याकोबदादा खोलीच्या पायरीवर ऊन खात बसला होता. आम्हा दोघांना एकत्र उतरताना बघून म्हणाला, "हे काय, समझौता झाला?"

"नाही," मी म्हटलं. "दादा, हे म्हणतात तुम्हाला जायला त्यांची हरकत नाही. देवालाही नाही. तुमचा हात इथून सापडेल म्हणतात. खरं का?"

"खरं आहे. देवाले सापडी." तो थोडा वेळ बाहीच्या गाठीशी चाळा करत राहिला. "माणसांना नाही सापडणार."

मी त्याच्या शेजारी पायरीवर टेकले.

"मी गेलो की विटा कोणी उचलून नेईल. पावसात माती बसेल. मग तिथे दुसरा कोणी येईल. कंपनी गेली, मशीन गेलं, त्या वेळची पोरं गेली. मसाटमध्ये माझा हात तुटला, हे सांगणारा आता तोच एक उरलाय. त्याला टाकून मी जाऊ?" तो पास्टरकडे वळला. "तुम्ही सांगता, त्या दिवशी तो साक्ष देईल. देऊ दे. पण त्या दिवसापर्यंत कोणी त्याच्या शेजारी बसायला नको?"

मला इतका वेळ जो आरोपी हवा होता तो मिळाला होता, पण तो या पायरीवर नव्हता. याकोबदादा राखण करत होता ती स्वर्गाची नव्हती, एका घटनेची होती.

"दादा," मी म्हटलं, "तिथे पाटी का नाही?"

"कोणी लिहून दिली नाही."

मी पास्टरकडे पाहिलं. तो म्हणाला, "कोणी मागितली नाही." मग, "मलाही सुचली नाही. खरं तर सुचू दिली नाही."

राखोलीच्या बाजारात कडप्प्याची लादी मिळाली, पांढरा ऑइलपेंट आणि दोन ब्रश मिळाले. लादी आम्ही प्रार्थनाघरातच, त्या पंख्यांखाली, जमिनीवर ठेवली. मग भांडण झालं. मी कंपनीचं जुनं नाव लिहिणार होते, मोठ्या अक्षरांत, कंत्राटदाराच्या नावासकट. पास्टर म्हणाला, नाव लिहाल तर आठ दिवसांत लादी फुटलेली असेल, आणि दफनभूमीत मंडळींना त्रास होईल तो वेगळा. मी म्हटलं, तुम्हाला पंख्यांची काळजी. तो म्हणाला, मला लादीची काळजी. खरं काय ते मी अजूनही सांगू शकत नाही, बहुतेक दोन्ही.

याकोबदादाने निकाल दिला. "मसाट लिही. मशीन लिही. नाव तो सांगेल," म्हणजे हात. "त्याच्यासाठी काहीतरी ठेव."

मी लिहिलं:

याकोब, पिंपळनेरचा, यांचा उजवा हात. मसाट इथे प्रेस मशीनवर तुटला. मशीनला गार्ड नव्हता. बाकीचा माणूस धुळ्याला आहे.

"आणि खाली लिही," तो म्हणाला, "हा हात उठेल."

मी ब्रश खाली ठेवला. "दादा, मला पटत नाही ते मी लिहीत नाही. तुमच्यासाठीही नाही."

मला वाटलं तो चिडेल. पण त्याने मान हलवली, जणू एखाद्या कारागिराने दुसऱ्याचं काम मान्य करावं. "बरोबर आहे. तू सही करशील ते तू लिही." मग तो जमिनीवर बसला, ब्रश डाव्या हातात घेतला आणि स्वतः लिहायला लागला. अक्षरं वाकडी, मोठी, एकमेकांना धडकणारी. 'उठेल'मधला 'ल' लादीच्या कडेवरून खाली उतरला. पास्टर पंखा बंद करायला उठला, रंग लवकर सुकून ब्रश अडकू नये म्हणून. खोलीत एकदम उकडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी लादी बसवली. पास्टरने प्रार्थना केली. मी कुंपणाजवळ उभी राहिले. मधेच माझं नाव ऐकू आलं आणि त्यामागोमाग मसाटचं. मसाटचं नाव त्याने मोठ्याने घेतलं. जमलेल्यांपैकी कंपनीचे निळे शर्ट घातलेल्या दोघांनी मान वर केली.

मग याकोबदादा म्हणाला, "चाल, पोरी. गाडी चुकी जाई."

हद्दीवर पोलिसांनी गाडी थांबवली, बाटल्या शोधायला. माझ्या पिशवीत रंगाचा डबा आणि पुस्तिका निघाल्या. शिपायाने एक पुस्तिका उलटसुलट करून पाहिली. मराठी वाचता येत नव्हतं बहुधा. "धर्मप्रचार?" त्याने विचारलं.

याकोबदादा खिडकीशी बसून इतका हसला की मला पुन्हा पाण्याची बाटली काढावी लागली. "लिखो साहब, लिखो," तो शिपायाला म्हणाला. "सबसे बड़ी प्रचारक यही है."

तो आता रूथ मावशीकडे आहे. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, पण औषधं वेळेवर चालली आहेत. संध्याकाळी छापखान्यात येऊन बसतो आणि वडिलांशी वाद घालतो. मी जी लिहायला गेले होते ती पुस्तिका लिहिली नाही. तिच्याऐवजी हे लिहिलं.

माझा संशय गेलेला नाही. जो न्याय पुढे ढकलला जातो, तो कोणाच्या तरी सोयीसाठीच ढकलला जातो, असं मी आजही मानते. मला तो दिवस आकाशातून नको आहे. एखाद्या साध्या कामाच्या दिवशी, मसाटच्या जवळच्या कोर्टात, पुकारा व्हावा आणि साक्षीदार हजर असावा, एवढंच हवं आहे. पण साक्षीदाराला तोवर सांभाळायला हवं, हे मला आमच्या पुस्तिकांनी शिकवलं नव्हतं. मागच्या आठवड्यात पास्टर सायमनने फोटो पाठवला. लादी शाबूत आहे. विटांच्या आत कोणीतरी झेंडू लावलाय. शेवटची वाकडी ओळ सगळ्यांत ठळक दिसते. डाव्या हाताने रंग जास्त लावला होता.